बावीस नंबरचा मुलगा

प्रताप चौबळ गेले तेव्हा अमेरिकेतल्या हर्नडनच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जो संदेश फिरला, त्यात त्यांचं वर्णन 'निवृत्त टेलिकॉम इंजिनिअर आणि क्रीडाप्रेमी' असं केलं होतं. हे देवळातल्या पुजाऱ्याला घंटाप्रेमी म्हणण्यासारखं झालं. पण लिहिणाऱ्याचा दोष नाही. चौबळांचं प्रेम ज्या क्रीडेवर होतं ती मंडळातल्या कुणालाच कळत नव्हती, आणि ते समजावून सांगायला लागले की माणसं चहा आणायला उठत.

खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा. मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब, एकेका बाजूला अठरा माणसं. चेंडू लाथेने उडवायचा आणि हवेतच झेलायचा. झेलण्यासाठी दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकवून चढलं तर फाउल नाही, उलट टाळ्या. निवृत्त हार्ट-डॉक्टर नरेंद्र मराठे हे चौबळांचे जुने मित्र. त्यांनी एक सामना शेवटपर्यंत पाहिला आणि निदान केलं, "हा खेळ नाही रे प्रताप. ही शेवटच्या लाडवासाठी उठलेली पंगत आहे."

"त्यातही नियम असतात," चौबळ म्हणाले.

नियम हा शब्द ते असा उच्चारत, जसा दुसरा कुणी आईचं नाव घेईल.

हे वेड त्यांना लागलं मेलबर्नला. अमेरिकेत यायच्या आधी, ऐंशीच्या दशकात, ते तिथे रेल्वेच्या सिग्नलवर काम करत होते. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्याने त्यांना मैदानावर नेलं. म्हातारा शनिवार-रविवार एका क्लबासाठी खेळाडू शोधायचा आणि त्याला गाडी चालवायला कुणीतरी हवं होतं. क्लब लीगमध्ये कायम तळाला. चौबळ त्याचं नाव अभिमानाने सांगत. मी सांगत नाही. हरणाऱ्यालाही अब्रू असते.

त्या काळी तिथल्या लीगमध्ये प्रत्येक क्लबाला खेड्यापाड्यांचा एक पट्टा वाटून दिलेला होता. त्या पट्ट्यात वाढलेला मुलगा त्या क्लबाचा. जहागिरीच म्हणायची. कुणाच्या जहागिरीत सहा फुटी पोरं पिकायची, तर चौबळांच्या क्लबाला मिळालेली जमीन गव्हाला उत्तम होती आणि खेळाडूंना नापीक. तरी म्हातारा आणि चौबळ दर शनिवारी निघत. शेतावरच्या घरी पोचायचं, स्वयंपाकघरात बसायचं, आईने केलेला केक खायचा, मुलाला इकडून तिकडे चालायला लावायचं, आजोबांची उंची विचारायची. चौबळांना हा कार्यक्रम चांगलाच ओळखीचा वाटला. त्यांचं स्वतःचं लग्न डोंबिवलीत अशाच पद्धतीने जमलं होतं, फक्त केकच्या जागी पोहे होते.

मग ड्राफ्ट आला आणि जहागिऱ्या खालसा झाल्या. आता देशभरातली पोरं एका यादीत, आणि क्लबांनी पाळीपाळीने एकेक उचलायचं. जो सगळ्यात खाली, त्याची पाळी सगळ्यात आधी. चौबळ सांगत, की हे वाचलं तेव्हा मला वाटलं, जगात कुणीतरी शहाणा माणूस आहे. गेल्या वर्षी हरलास, म्हणून यंदा आधी तू निवड. असा नियम त्यांनी शाळेत पाहिला नव्हता, ऑफिसात नाही, आणि नात्यागोत्यात तर मुळीच नाही.

पण क्लबांना निवडायची सवयच नव्हती. आजवर पट्ट्यात जे उगवेल ते कापायचं. आता वाळवंटापलीकडची पोरं धूसर व्हिडिओवर बघून पसंत करायची. चौबळांच्या क्लबाने पहिल्या वर्षी एक मोठा मोहरा उचलला, पेपरात फोटो दिला, आणि तो मुलगा आलाच नाही. त्याला यायचं आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं. चौबळ म्हणायचे, "बोलणी न करता पत्रिका छापल्या आम्ही."

त्यातून त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. मुलगा बघायचा तो फक्त नंबराने. नाव विचारायचं नाही, कुणी सांगायला लागलं तर थांबवायचं. "नाव कळलं की आडनाव कळतं, आडनाव कळलं की बाप कळतो, आणि बाप कळला की खेळ दिसेनासा होतो." हे वाक्य मराठी माणसाला उलगडून सांगावं लागत नाही.

ड्राफ्टमध्ये एक भोक मात्र होतं. बाप ज्या क्लबाकडून पुरेसे सामने खेळला, त्या क्लबात मुलगा थेट जाऊ शके. पाळी नाही, यादी नाही. चौबळांनी एका मुलाला दोन हिवाळे पावसात उभं राहून पाहिलं होतं. क्लबाची पाळी पहिली होती, मुलगा आपलाच, असं सगळे धरून चालले होते. ऐनवेळी कळलं की त्याचा बाप एका श्रीमंत क्लबाकडून खेळलेला आहे. मुलगा तिकडे गेला. म्हातारा त्या दिवशी गाडीत एकच बोलला, "बाप निवडायला आपण विसरलो, प्रताप." पुढच्या वर्षी चौबळांना अमेरिकेतली नोकरी मिळाली. ते भोक मात्र त्यांनी सामानात भरून आणलं.

हर्नडनला विमानतळ जवळ, टेलिकॉमची आणि कम्प्युटरची ऑफिसं रांगेने. काँट्रॅक्टवर आलेले ऑस्ट्रेलियन भरपूर. त्यांनी हौशी क्लब काढला, आसपासच्या गावांत आणखी तीन निघाले, आणि चौघांची मिळून एक लीग झाली. चौबळ पंचेचाळिशीला आलेले, गुडघा दुखरा. ते एकदाही खेळले नाहीत. बाकी सगळं त्यांनी केलं. पाणी नेलं, खुणेचे झेंडे शिवून आणले, पांढरा कोट घालून खांबांच्या मधोमध उभे राहिले. गोल झाला की खांबांतला पंच दोन्ही हातांची तर्जनी पुढे करतो. चौबळांची बोटं रेल्वेच्या सिग्नलसारखी पडायची आणि उठायची, आपला संघ असो की परका.

हर्नडनसाठी खेळाडू मिळवणं तेव्हा सोपं होतं. ऑफिसच्या कॅफेटेरियात तसला उच्चार कानावर आला की जाऊन विचारायचं, शनिवारी काय करतोस? त्यामुळे सगळे ऑस्ट्रेलियन हर्नडनकडे, आणि बाकीच्या तीन क्लबांकडे खेळ न कळणारे शेजारीपाजारी. हर्नडन दर वर्षी जिंकायचं, शंभर-शंभर पॉइंटांनी. मेरीलँडमधला फ्रेडरिक गावचा क्लब इतका हरला, की त्यांचा कोच डेल म्हणाला, आता आम्ही घरूनच हरत जाऊ, पेट्रोल वाचेल. डेलचा छपरं दुरुस्त करायचा धंदा होता. त्याचे निम्मे खेळाडू त्याचेच कामगार होते, म्हणजे त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

तेव्हा चौबळांनी लीगसमोर ड्राफ्ट मांडला. नवा येणारा प्रत्येक माणूस एका यादीत. आधी सगळ्यांची ट्रायल, मग तळाच्या क्लबापासून पाळी. ज्याला क्लबाने उचललं, त्याने नाही म्हटलं तर नाही, पण पुढचे तीन हंगाम दुसऱ्या कुणाकडून खेळायचं नाही. बापाच्या नावाने वेगळी वाट नाही. आपल्या पायावर धोंडा पाडून घेण्याचे प्रकार मंडळात पुष्कळ पाहिले होते, पण नियमांचा मसुदा करून, मताला टाकून, बहुमताने पाडून घेतलेला धोंडा हा पहिलाच.

हर्नडन हरायला लागलं. चौबळांचा उत्साह दुप्पट झाला. आता कॅफेटेरिया पुरणार नव्हता, डोळे वापरावे लागणार होते. ते शाळांच्या मैदानांवर जाऊन धावपटू बघत, बास्केटबॉलच्या कोर्टाबाहेर उभे राहत. उडी चांगली, हात मोठे, इथे कुणी घेत नाही, अशी पोरं हेरत. त्यांना लीगच्या यादीत आणत, आणि त्यातली निम्मी दुसरे क्लब उचलून नेत. दर हंगामाअखेर ते ट्रायलचे सगळे कागद फाडून टाकत. जुनं मत म्हणजे पूर्वग्रह, म्हणत.

या सगळ्यात त्यांचा मुलगा मिहीर मैदानाच्या कडेला वाढत होता.

तो अमेरिकेत जन्मलेला, मराठी समजायचं, उत्तर इंग्रजीत. चालायला लागला तेव्हापासून त्या मैदानावर. सुलेखाकाकू, म्हणजे त्याची आई, घडीच्या खुर्चीत स्वेटर विणत बसायच्या आणि हा कुंपणाला चेंडू मारत राहायचा. लहान मुलांच्या सामन्यात त्याने पहिला गोल मारला तेव्हा खांबांत पांढऱ्या कोटात उभा होता त्याचा बाप. मिहीर पळत पळत खांबांपर्यंत आला. चौबळांनी दोन बोटं पुढे केली. हसू नाही, भुवई नाही. बोटं खाली घेतली, झेंडे हलवले.

सुलेखाकाकू गाडीत म्हणाल्या, "अहो, निदान हसायचं तरी."

"गोल सगळ्यांचा सारखाच धरतात," चौबळ म्हणाले.

पोरगं मागच्या सीटवर होतं. त्याला हर्नडनची निळी जर्सी हवी होती, एवढंच. तीत खेळायचं, बाबा कडेला उभे असताना. त्याने दुसरं कधी काही मागितलं नाही. कार मागितली नाही, कॉलेजही जवळचंच घेतलं, का, तर शनिवारी मैदानावर येता यावं म्हणून.

तो एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा यादीत त्याचं नाव लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. फ्रेडरिक तळाला, म्हणजे पहिली पाळी त्यांची. हेही दिसत होतं. म्हणून लीगच्या वार्षिक सभेत एकाने ठराव आणला: जो बाप वा आई क्लबाकडून खेळली, किंवा क्लबासाठी राबली, त्यांच्या मुलाला तो क्लब थेट घेऊ शकेल. 'किंवा राबली' हे शब्द कुणासाठी घातलेत, ते खोलीतल्या खुर्च्यांनाही कळलं होतं.

आदल्या दिवशी नरेंद्र डॉक्टर चौबळांच्या ड्राइव्हवेवर उभे राहून म्हणाले होते, "नियम कुणी लिहिले?"

"मी."

"मग बदल की."

"म्हणून तर बदलता येत नाही."

"प्रताप, याला आपल्याकडे आपल्या माणसाचं बघणं म्हणतात. सगळे बघतात."

"म्हणूनच आपण इथे आलो ना?"

"मी पगारासाठी आलो," डॉक्टर म्हणाले. "तुझं तू बघ."

सभेत मतं समसमान पडली. नियम समितीचे अध्यक्ष म्हणून निर्णायक मत चौबळांचं. मागे सोड्याच्या मशीनला टेकून मिहीर उभा होता. चौबळांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि ठरावाच्या विरुद्ध हात वर केला. एक ऑस्ट्रेलियन बाप मोठ्याने म्हणाला, "माणूस आहे की खांब?" लोक हसले. मिहीर हसला नाही. तो मशीनमधून सोडा घेत असल्यासारखा वळला, पण पैसे टाकले नाहीत.

दोन आठवड्यांनी ट्रायल झाली. त्यात सगळ्यांना नंबराचे बिल्ले. मिहीरला बावीस मिळाला. चौबळ कडेला क्लिपबोर्ड घेऊन होते, मान खाली, पेन चालू. त्यानंतरच्या रविवारी दुपारी एका पिझ्झाच्या दुकानात ड्राफ्ट. डेल उठला, तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "फ्रेडरिक. मिहीर चॉबल." मिहीरने बापाकडे पाहिलं. चौबळ नोंद करत होते.

घरी येताना, गाडीत.

"फ्रेडरिक फार लांब नाही," चौबळ म्हणाले. "ट्रॅफिक नसेल तर तासाभरात."

"इट्स नॉट अबाउट द ड्राइव्ह."

"डेल चांगला कोच आहे. शिकशील."

"तुम्ही मला त्यांना देऊन टाकलं. यू जस्ट… गेव्ह मी अवे."

"तळाच्या क्लबाला पहिली पाळी. रूल सगळ्यांना सारखा."

"मी सगळे नाहीये, बाबा."

चौबळांनी इंडिकेटर दिला आणि लेन बदलली.

मिहीर फ्रेडरिककडून खेळला नाही. नियमाप्रमाणे त्याला तो हक्क होता. नियमाप्रमाणेच मग तीन हंगाम त्याला दुसरीकडे खेळता येत नव्हतं. तीन संपेपर्यंत त्याने कॉलेज आटोपलं आणि पार पश्चिम किनाऱ्याकडे, रेडमंडला, सॉफ्टवेअरची नोकरी धरली. अमेरिकेत राहून हर्नडनपासून याहून फार लांब जाता येत नाही, पुढे समुद्र लागतो.

भांडण असं झालंच नाही. भांडणाला दोन वाक्यं तरी लागतात. रविवारी फोन यायचा, आईशी तासभर, मग आई म्हणायची, "थांब हं, बाबांना देते."

"कसं काय? तिकडे पाऊस?"

"हो."

"इकडे नाही."

"ओके, बाबा."

हवामान खात्यानेही याहून जास्त जिव्हाळ्याने बोलावं. सुलेखाकाकू फोन ठेवून म्हणायच्या, "एकदा सांगा ना त्याला."

"काय सांगू?"

"की तो चांगला खेळायचा. त्याला वाटतं, तुम्हाला तो कच्चा वाटला. म्हणून तुम्ही हात वर केलात. मला म्हणाला तो तसं."

चौबळ विचारात पडले. "कच्चा?" ते म्हणाले. "छे. काहीतरीच."

"मग हेच त्याला सांगा."

"त्याचं त्याला कळत असेल."

"नाही हो कळत. मुलांना नाही कळत."

"पुढच्या वेळी बोलतो," ते म्हणाले. पुढच्या वेळीही रेडमंडला पाऊस होता.

एकदा ते सुलेखाकाकूंना घेऊन स्वतः तिकडे गेले, आठवडाभर. मिहीरने बाबांना ऑफिस दाखवलं, कॅफेटेरिया दाखवला. तिथे शेजारच्या टेबलावर कुणीतरी ऑस्ट्रेलियन बोलत होतं. चौबळांचे कान टवकारले, ते जवळजवळ उठलेच. मग बसले. मिहीरने ते पाहिलं. "गो अहेड, बाबा," तो म्हणाला. "विचारा त्याला, शनिवारी काय करतो." चौबळ म्हणाले, "इथे आपला क्लब कुठेय?" दोघंही जेवत राहिले. सुलेखाकाकू म्हणतात, की तिथे आता एक जण तरी बोलणार, असं मला वाटलं होतं. कोण, ते त्या सांगत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात चौबळांच्या हृदयाने राजीनामा दिला. नरेंद्र डॉक्टरांनी मिहीरला फोन केला, "ताबडतोब ये, बाकीचं नंतर." तो आला तेव्हा चौबळ शुद्धीवर होते, नळ्या होत्या, बोलणं तुटक. मिहीर कॉटशी बसला. चौबळांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. ओठ हलले. मिहीर वाकला.

"तिकडे पाऊस?" चौबळांनी विचारलं.

"हो, बाबा."

त्यांनी समाधानाने मान हलवली. पहाटे गेले.

शोकसभा मंदिराच्या हॉलमध्ये ठेवायची होती, पण तिथे डोहाळजेवण आधीच बुक होतं. रूल सगळ्यांना सारखा. म्हणून मग मार्च उजाडल्यावर ती मैदानावर ठेवली, क्लबाच्या शेडमध्ये. एका बाजूला मंडळ, दुसऱ्या बाजूला चार क्लबांपैकी अजून तग धरलेले दोन, हर्नडन आणि फ्रेडरिक. मंडळाने साबुदाण्याची खिचडी आणली, क्लबवाल्यांनी मटणाचे पाय. त्यावर मोठ्या अक्षरांत 'मीट' लिहून मधे दोन टेबलांचं अंतर सोडलं. खांबांवर कुणीतरी पांढरा कोट अडकवला होता. वाऱ्याने तो हलायचा आणि मंडळातल्या बायका दचकायच्या.

भाषणं झाली. नरेंद्र डॉक्टर म्हणाले, "प्रताप हा मला माहीत असलेला एकमेव मराठी माणूस, ज्याने आयुष्यात कुणाचं नाव पुढे केलं नाही. स्वतःचं तर नाहीच." मग खाली बसून त्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ परत घातला नाही.

मग डेल उठला. आता साठीचा, छपरावरून एकदा पडलेला, लंगडत आला.

"मिस्टर चॉबलनी मला जन्मात एकच टिप दिली," तो इंग्रजीत म्हणाला. "त्या वर्षी पहिली पाळी माझी होती. ट्रायल संपली, मी पार्किंगमध्ये त्यांना गाठलं. म्हटलं, तुम्ही सगळ्यांना सारखं बघता, कुणालाही विचारता येतं, सांगा, पहिला कोण? ते म्हणाले, बावीस. एवढंच म्हणून गाडीत बसतील असं वाटलं, तर बोलायलाच लागले. अर्धा तास. शपथ. माझी कॉफी गार झाली. या माणसाला मी दहा वर्षं ओळखत होतो, सगळी मिळून एवढी वाक्यं ऐकली नव्हती. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, घेतो, पण लांबून मला नुसता बिल्ला दिसला, बावीसचं नाव काय? तर आधी त्यांनी कोटाची बटणं लावली. म्हणाले, मिहीर. मी म्हटलं, अहो, हा तर तुमचाच मुलगा! तर मला म्हणतात, 'हो. दुर्दैवाने.'"

शेड हसली. मंडळही हसलं. असं हसू शोकसभेत फार बरं वाटतं.

मिहीरच्या हातात खिचडीची प्लेट होती. ती त्याने शेजारच्या खुर्चीवर ठेवली, आणि डेल टेबलाकडे वळायच्या आत त्याला कुंपणाशी गाठलं.

"अर्धा तास?"

"कमी नाही, बेटा. जास्तच."

"काय म्हणाले?"

"हातांबद्दल बोलले. की बावीसचे हात चेंडू यायच्या आधी जागेवर असतात. तो वाट बघत नाही, चेंडूला वाट बघायला लावतो, असं काहीतरी."

"आणि?"

"आणि…" डेलने टोपी मागे सारली. "डावा पाय. डाव्या पायाचं काहीतरी सांगितलं."

"चांगलं की वाईट?"

"चांगलंच असेल. सगळं चांगलंच होतं. म्हणून तर मी तुला घेतलं."

"पण अर्धा तास, डेल. अजून काय? प्लीज. ट्राय."

"कितीतरी वर्षं झाली रे. मी छपरं ठोकणारा माणूस. मला एवढंच कळलं होतं, की हा घ्यायचा. बाकीचं कशाला लक्षात ठेवू?" मग मुलाच्या तोंडाकडे बघून त्याला काय झालं कोण जाणे, तो हळू म्हणाला, "तुला घरी बोलले असतीलच ना ते हे सगळं."

पलीकडून सुलेखाकाकूंनी हाक मारली, "मिहीर, अरे जेवू दे त्यांना!"

"एक मिनिट, आई."

ते एक मिनिट बरंच लांबलं. डेलने डोळे मिटून पाहिलं, मैदानाकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. हात आणि डावा पाय. त्याच्यापुढे काही निघालं नाही. चौबळांचे कागद तर दर हंगामाला फाटत होते. जगात तो अर्धा तास ऐकलेला माणूस एकच होता, आणि त्याच्याजवळ दीड वाक्य शिल्लक होतं.

मिहीर रेडमंडला परतला. जाताना त्याने डेलला नंबर दिला. काही आठवलं तर, कधीही.

महिन्याभराने फोन आला. मिहीर ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलेला होता. हे त्याने आईला सांगितलं, आणि त्यांनी आम्हाला.

"छपरावर आहे," डेल ओरडून बोलत होता, मागे हातोडे चालले होते. "एकदम आठवलं. तुझ्यात एक दोष आहे म्हणाले होते. सांगू का? वाईट वाटेल."

"सांग."

"म्हणाले, बावीसला एक खोड आहे. किक मारली की तो चेंडूकडे बघत नाही, कडेला बघतो. प्रत्येक वेळी. न चुकता. ही खोड तुम्ही मोडा, म्हणाले, मला जमलं नाही. मी विचारलं, कडेला काय बघतो? तेव्हाच ती बटणं लावायला लागले होते." डेल थोडा थांबला. "काय बघायचास रे?"

मिहीरने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं.

"हॅलो? मिहीर? कसला आवाज येतोय? तिकडे पाऊस आहे का?"

"हो," मिहीर म्हणाला.

त्या दिवशी रेडमंडला लख्ख ऊन होतं.